ईश्वरविज्ञानाची बिन कार्डं

भांडुपच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. बॉल बेअरिंगं, रबरी पट्टे, ग्रीसचे डबे, जे येईल ते तपासायचं, मोजायचं, रॅकवर लावायचं आणि त्याचं बिन कार्ड लिहायचं. बिन कार्ड म्हणजे रॅकला टांगलेलं साधं पुठ्ठ्याचं कार्ड. वस्तू कोणती, कुठल्या खणात, किती आली, किती गेली, एवढंच त्याच्यावर असतं. पण ते नसेल तर माल असून नसल्यासारखा. फिटर खिडकीशी ताटकळतो, मशीन बंद पडलेलं असतं आणि आपण शिडीवर चढून खोकी उघडत बसतो. माझ्या स्टोअरचा नियम होता: मागितलेली वस्तू दोन मिनिटांत खिडकीवर आली पाहिजे.

हा नियम मी एकदा ईश्वरविज्ञानाला लावला.

घरोघरी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका बघायचे ते दिवस. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, मुलुंडमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. स्वतःची इमारत आम्हाला नव्हती. चाळीसेक कुटुंबं चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची आणि पाळकसाहेब मास्तरांच्या टेबलावर पांढरं कापड टाकून उपासना चालवायचे. मालिकेच्या वेळेला माणसं मागच्या दाराने गळायला लागली, तेव्हा पंचांनी ठराव करून उपासना साडेनऊऐवजी आठला आणली. ठरावात कारण लिहिलं होतं ‘उन्हाळा’. ठराव जानेवारीत झाला होता.

मी या मंडळीची चिटणीस. दर रविवारच्या सूचना मी टाइप करायचे आणि नाताळच्या जेवणाला कोण काय खात नाही याची यादीही माझ्याकडेच असायची. त्या यादीमुळेच बहुधा, पावसाळ्यात एका दुपारी मराठी ख्रिस्ती पुस्तकं छापणाऱ्या एका समितीचा माणूस दोन जाडजूड बॉक्स फाइली आमच्या घरी सोडून गेला. आत टाइप केलेली सहाशे बारा पानं होती. देव, मनुष्य, पाप, तारण, मंडळी, अंत्यकाळ, सगळे ख्रिस्ती सिद्धांत ओळीने मांडलेले, म्हणजे अख्खं ईश्वरविज्ञानच. सोबत पत्र. हा ग्रंथ पाळकांना आणि सामान्य विश्वासणाऱ्यांनाही घरात ठेवून गरजेला उघडून बघता येईल असा आहे का, ते दोन वाचकांनी कळवायचं होतं. एक वाचक पाळक, एक सामान्य. सामान्य म्हणजे मी. लेखकाचं नाव वाचकांना आणि वाचकांची नावं लेखकाला कळू द्यायची नाहीत, असा समितीचा नियम होता. शेवटी तीन चौकोन: उपयुक्त, अनुपयुक्त, सुधारणेनंतर उपयुक्त.

लेखक कोण, ते मला तिसऱ्या पानावर कळलं.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘समजा, आपल्या घरात पाण्याची टाकी आहे.’ आमच्या पाळकसाहेबांच्या बिऱ्हाडात पहाटे पाच ते पाच चाळीस पाणी यायचं. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांचा असा एक संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, झाला नव्हता ज्यात टाकी नाही. देवाची कृपा म्हणजे टाकी, पाप म्हणजे गळती, प्रार्थना म्हणजे बॉलकॉक. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं तशा सासूबाई लसूण सोलता सोलता थांबल्या.

“अगं, हे तर आपले पाळकसाहेब!”

“आई, नाव गुप्त आहे.”

“असू दे की गुप्त. टाकी त्यांचीच आहे.”

शिवाय टाइप केलेला प्रत्येक ‘र’ अर्धी ओळ वर उडालेला होता. आमच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरही ‘र’ तसाच उडालेला आहे.

आठवड्याने पाळकसाहेब घरभेटीला आले. फाइली फ्रिजवर होत्या. त्यांनी त्या पाहिल्या. त्यांनी पाहिलं ते मी पाहिलं. ते प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा डोळे मिटायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.

“ऑफिसचं काम घरी आणलेलं दिसतंय, बाई.”

“हो, पाळकसाहेब. स्टोअरचं.”

“बरंच आहे.”

“सहाशे बारा… वस्तू आहेत.”

“असं,” ते म्हणाले आणि चहात तीन चमचे साखर घातली. एरवी ते बिनसाखरेचा घ्यायचे. मी पाळकांशी खोटं बोलले होते आणि त्या संध्याकाळी वाचायचं प्रकरण नेमकं पापाचं होतं.

तेव्हापासून आम्ही दोघंही एकमेकांना काही ठाऊक नसल्यासारखे वागू लागलो. नियम तो नियम. ते मला भेटले की स्टोअरच्या कामाची चौकशी करायचे. “काम कुठपर्यंत आलंय?” “नवव्या रॅकपर्यंत, पाळकसाहेब.” “नववा रॅक जरा अवघड असेल, नाही?” “अवघड नाही, लांब आहे.” त्यांचा चेहरा उतरायचा. नववं प्रकरण त्यांच्या आवडीचं असावं.

एवढंच असतं तर नुसती गंमत झाली असती. पण श्रावण संपायला आला तेव्हा मासळीबाजारात पाळकबाई भेटल्या. बोंबील निवडता निवडता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मला काही माहीत नाही हं, बाई. पण समजा, कुणी कुणाचं पुस्तक तपासत असेल.”

“समजा.”

“तर लिहिणारा माणूस ईस्टरनंतर निवृत्त होतोय. बिऱ्हाड सोडून नगरकडच्या गावी जायचंय. तो म्हणतो, बावीस वर्षं बोललो ते रविवारी दुपारी मटण शिजेपर्यंत लोक विसरले. एवढं एक हातात धरता येण्यासारखं मागे राहावं.” बोंबील परत टोपलीत टाकून त्या म्हणाल्या, “नको म्हणाले तर तो पुन्हा लिहिणार नाही. ट्रंकेत घालून गावी नेईल. मी ओळखते त्याला. म्हणजे, समजा.”

“आणि दुसरा वाचक? तो पाळक?”

“त्यांनी ‘उत्तम’ लिहून चार दिवसांत परत पाठवलं. स्वतःच येऊन सांगून गेले. इतक्या लवकर वाचून होतं का हो?”

होत नाही. म्हणजे जे काही होतं ते माझ्यावर होतं.

मी नीट वाचलं. ग्रंथ चांगला होता, हे आधी सांगते. प्रत्येक प्रकरणात एकच शिस्त: शास्त्र काय सांगतं, मंडळीने वेळोवेळी काय मानलं, मतभेद कुठे आहेत आणि शेवटी आपण काय करावं. भाषा साधी. दुसऱ्याचं मत मांडताना कुठे वाकडं बोलणं नाही. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की माणूस समजता झाल्यावर, हे प्रकरण इतकं दोन्हीकडून समजून लिहिलेलं होतं की माझ्या नवऱ्याचं मत एका चहात दोनदा बदललं. टाकी सत्तेचाळीस वेळा आली होती, पण तेवढं चालायचं.

अडचण निराळी होती. समितीने विचारलं होतं, गरजेला उघडून बघता येतं का? म्हणून मी चाचणी घ्यायचं ठरवलं. मंडळीत लोक खरोखर जे विचारतात असे चाळीस प्रश्न मी वर्षभराच्या आठवणीतून उतरवले. नवऱ्याला मनगटावरचं घड्याळ घेऊन समोर बसवलं. ग्रंथात उत्तर शोधायला दोन मिनिटं.

पहिला प्रश्न शेजारीण स्वतःच घेऊन आली. ती मालवणची. गणपतीत तिच्याकडून उकडीचे मोदक यायचे आणि दरवर्षी आमच्या घरी ‘खावेत की नाही’ यावर चर्चा होऊन मग ते खाल्ले जायचे. या वर्षी मी म्हटलं, थांबा, बघून सांगते. ती ताट धरून दारात उभी.

“काय गो, सापडला?”

“बघतेय.”

“तुझ्या देवान इतक्या लांब कित्याक लिवला? मोदक थंड होतत हत.”

“देवाने नाही गं, पाळकांनी… म्हणजे कोणीतरी.”

चौदा मिनिटांनी नवरा म्हणाला, “अगं, घड्याळ बंद करू का? मला भूक लागलीय.” आम्ही खाल्ले. उत्तर मला दुसऱ्या दिवशी सापडलं, मंडळीच्या स्वातंत्र्याच्या प्रकरणात, पान चारशे दहा. शेजाऱ्याने प्रेमाने वाढलेलं चौकशी न करता खावं, मात्र समोर बसलेल्या एखाद्याच्या मनाला ते लागत असेल तर त्याच्यासाठी थांबावं. किती सुरेख उत्तर! मी तीन खाऊन बसले होते.

सासूबाईंचा प्रश्न: “मेल्यावर तुझे सासरे मला ओळखतील का?” सतरा मिनिटं. तोही दोन मिनिटांत नाहीच, पण शेवटी सापडला, मनुष्यस्वभावाच्या प्रकरणात एका तळटीपेत, टाकीच्या मागे. मी उत्तर वाचायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. “आत्ता नको. छापून आलं की माझी मी वाचेन. ओळखतात म्हणाले तर मला तयारी करायला हवी.”

चाळीसपैकी तीन प्रश्न दोन मिनिटांत सापडले. बाकीच्यांची उत्तरं होती, जवळजवळ सगळ्यांची, पण माल खोक्यात आणि खोकी माळ्यावर. मागे एक सूची होती, पण तिच्यात शब्द कोणते? नीतिमत्त्व, पवित्रीकरण, पूर्वनियोजन. घरात जावेशी भांडण झालेली बाई कधी ‘पवित्रीकरण’ शोधायला जाते का?

मी चाचणीचा तक्ता टाइप केला: क्रमांक, प्रश्न, वेळ, शेरा. मग अहवालाचा कागद घेतला. ‘सुधारणेनंतर’ म्हणावं तर लेखक पुन्हा लिहिणार नव्हता, म्हणजे नियमाने चौकोन एकच उरत होता, अनुपयुक्त. मी पेन उचललं आणि मला ती ट्रंक दिसली. पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचललं, ठेवलं. नवरा म्हणाला, “एवढा वेळ तू ग्रीसला नाही लावलास कधी.” “ग्रीस निवृत्त होत नाही,” मी म्हटलं.

असे तीन आठवडे गेले, आणि मग नोव्हेंबरातला तो रविवार आला.

चुकीचा कागद चुकीच्या खणात जाणं हे माझ्या हातून सव्वीस वर्षांत एकदाच झालं, आणि ते त्या दिवशी झालं. सूचना आणि चाचणीचा तक्ता, दोन्ही मी एकाच टाइपरायटरवर, एकाच मापाच्या कागदावर केले होते. दोन्हीकडे डावीकडे क्रमांक. उपासनेआधी मी सूचनांचा कागद नेहमीसारखा पाळकसाहेबांच्या टेबलावर, फुलदाणीखाली ठेवला.

पाळकसाहेब सूचना आधी वाचत नसत. चष्मा लावायचा, कागद दूर धरायचा आणि थेट सुरू करायचं, अशी बावीस वर्षांची सवय.

“आजच्या सूचना. क्रमांक एक. शेजाऱ्यांच्या गणपतीचा मोदक खावा का. वेळ, चौदा मिनिटं. सापडलं नाही. शेरा, मोदक गार झाला.”

पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी डायरी काढून वेळ लिहून घेतली.

“क्रमांक दोन. कुत्रा स्वर्गात जातो का. वेळ, अकरा मिनिटं. सापडलं नाही.”

मी उठायचा प्रयत्न केला. चौथीच्या बाकात गुडघे अडकलेले. नवरा कानाशी म्हणाला, “वाट लागली.”

“क्रमांक तीन. खंडेनवमीला कारखान्यात मशीनला हार घातला तर पाप घालणाऱ्याचं की मॅनेजरचं…” आवाज हळू झाला. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद जवळ घेतला, शेवटपर्यंत नजर फिरवली. हा काय कागद आहे ते त्यांना कळलं, हे मला लांबून दिसलं. कान लाल झाले होते. पण सुरू केलेलं अर्धवट सोडणं त्यांना कधी जमलं नाही. “क्रमांक चार,” ते म्हणाले. “जावेशी अबोला असताना प्रभुभोजन घ्यावं का. नऊ मिनिटं. सापडलं नाही.”

आमच्या मंडळीत बोलणं बंद असलेल्या जावा एकाच घरच्या होत्या. त्या एका बाकाच्या दोन टोकांना बसायच्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. थोरली ताडकन उभी राहिली.

“हे कोणी लिहिलं?”

“कोणी का लिहीना,” धाकटी बसल्या बसल्या म्हणाली. थोरलीशी ती दोन वर्षांनी बोलत होती. “उत्तर काय आहे ते विचारा ना.”

थोरली टेबलाकडे वळली. “हां. उत्तर काय आहे, पाळकसाहेब?”

“उत्तर आहे,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी कागद खाली ठेवला. “सापडलं नाही, असं कसं? पान चारशे सत्तावीस. वरून तिसरा परिच्छेद.”

मग ते पुस्तक समोर नसताना, वेलांटी न चुकवता, तो परिच्छेद बोलले. आधी उठून जावेकडे जावं, मग भाकर आणि द्राक्षरस घ्यायला प्रभूच्या मेजाकडे यावं. जाव बोलली नाही तरी चालेल, आपण गेलेलं असावं. टाकी होती त्यात, पण लहान.

“आणि कुत्र्याचं?” मागून कोणीतरी विचारलं.

“पान पाचशे एकोणनव्वद. शास्त्र याबद्दल गप्प आहे, म्हणून आपणही ठामपणे बोलू नये. पण सुटकेची वाट सगळीच सृष्टी बघते आहे, आणि सृष्टीत कुत्रा येतो.”

“मशीनचं सांगा, मशीनचं!” हा आवाज माझ्या शेजारून आला. प्रश्न नवऱ्याचाच होता.

संदेश त्या दिवशी झाला नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मागच्या बाकावरचा एक जण अर्धवट उठून म्हणाला, “आज युद्ध सुरू होणार आहे रे, एपिसोडमध्ये.”

“बस खाली,” त्याची बायको म्हणाली. “माझा प्रश्न सातवा आहे.”

दहाला शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत आला तेव्हा आम्ही एकोणतिसाव्यावर होतो. प्रत्येक उत्तराला पान होतं. ग्रंथ कोणाचा, हे आता चाळीस कुटुंबांना कळलं होतं. प्रश्न कोणी लिहिले तेही कळलं होतं, कारण माझ्याकडे बघून बोटं दाखवली जात होती.

मी टेबलाजवळ गेले. पाळकसाहेबांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

“तुमच्या स्टोअरचा कागद चुकून आला, बाई.”

“हो, पाळकसाहेब.”

“बराच माल गहाळ आहे म्हणायचा.” त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

“माल सगळा आहे,” मी म्हटलं. “आत्ता चाळीस घरांनी बघितला. रॅकवर कार्डं नाहीत एवढंच.”

ते फुलदाणी पुसत राहिले. फुलदाणी कोरडी होती.

“कार्डं लिहायला किती दिवस लागतात?” त्यांनी विचारलं.

मी हिशेब केला. “खणांचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस मिळाला तर नाताळपर्यंत.”

“असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे,” ते म्हणाले.

स्टोअरमधली बाद झालेली बिन कार्डं साहेबांना रीतसर विचारून मी घरी आणली. मागची बाजू कोरी होती. आठवड्यातून चार दिवस कामावरून सुटले की मी पाळकांच्या बिऱ्हाडात जाऊन बसायचे. मी लोकांच्या तोंडचा शब्द सांगायचा, त्यांनी पान सांगायचं, मी लिहायचं. ‘आजार, लांबलेला’ गेला ‘ग्रीस, दोन किलो’च्या पाठीवर. ‘सासू’ला एकाच कार्डात जागा पुरली नाही.

तरीही एकमेकांना काहीच ठाऊक नसण्याचा आमचा कार्यक्रम चालूच होता. “हा जो कोणी अज्ञात लेखक असेल,” ते म्हणायचे, “त्याला मदत करणं आपलं कर्तव्य आहे.” पाळकबाई आतून म्हणायच्या, “अज्ञात लेखकाला विचारा, चहात साखर घालू का?”

भांडण झालं ते मोदकावरून. त्यांना कार्डावर हवं होतं ‘अर्पित अन्न व ख्रिस्ती विवेक’.

“असं कोण शोधणार?” मी विचारलं.

“पाळक शोधतील.”

“आणि शेजारीण दारात उभी असलेली बाई?”

“ईश्वरविज्ञानाच्या सूचीत मोदक येत नाही, बाई.”

“मोदक घरात येतो, पाळकसाहेब. मग सूचीत का नाही?”

ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दोन्ही ठेवा. ग्रंथ पाळकांसाठी आणि सामान्यांसाठी आहे ना, मग दोघांचे शब्द असू देत. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीची दोन कार्डं झाली आणि काम दुप्पट झालं. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं कार्ड लिहिलं. नऊशे चौसष्ट.

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिलं: सूचीशिवाय अनुपयुक्त. सूचीसह प्रत्येक ख्रिस्ती घरात एक प्रत असावी. सूची सोबत जोडली आहे. तपासणाऱ्याने तपासलेल्या मालाला हात लावू नये, हे मला कळत होतं. शेऱ्यात तेही लिहून टाकलं.

समितीने पुढे काय ठरवलं ते ईस्टर झाला तरी कळलं नाही. पाळकसाहेबांचं सामान टेम्पोत चढलं तेव्हा ट्रंकही चढली. हस्तलिखिताची कार्बन कॉपी तिच्यात होती. पाळकबाईंनी माझा हात धरला. पाळकसाहेब म्हणाले, “स्टोअर नीट सांभाळा.”

ग्रंथ आला तो पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, पोस्टाने, खाकी कागदात. निळी बांधणी. छपाईत ‘र’ सरळ उभे होते, ते जरा चुकल्यासारखं वाटलं. ऋणनिर्देशात समितीचे आभार होते, पाळकबाईंचे होते आणि शेवटी ‘एका भगिनीचे, जिचं नाव नियमानुसार मला माहीत नाही’. मी थेट मागे गेले. सूची छप्पन्न पानांची. मोदक होता. कुत्रा होता. आणि मी न लिहिलेलं एक कार्ड होतं: ‘टाकी, पाण्याची’. पुढे सत्तेचाळीस पानांचे आकडे, चार ओळी भरून.

सासूबाईंनी सुपातला लसूण बाजूला सारला, हात पुसले आणि चष्मा मागितला. “दे इकडे. माझं मी बघते.” नवऱ्याने न सांगता मनगट वर धरलं. त्या एक एक शब्द बोटाखालून नेत होत्या. नमस्कार, नरक, नवरा. नवरा, मेलेला. पान उलटलं, तळटीप सापडली, ओठ हलवत त्यांनी ती दोनदा वाचली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“ओळखतील म्हणतात.” त्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, “आणि तिथे भांडणं नसतात, असंही लिहिलंय. मग बोलायचं काय आम्ही?”

संध्याकाळी मी नगरकडच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. त्याच्यावर लिहिलं: ‘वेळ, एक मिनिट चाळीस सेकंद. सापडलं.’ खाली सही केली नाही. नियम होता.